विश्वजित् यज्ञातील भूमी

पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायात, सातव्या पादाच्या आरंभी, एक प्रश्न उपस्थित केलेला आहे, जो वरवर पाहता निव्वळ कर्मकांडाचा वाटतो आणि म्हणूनच आजच्या वाचकाची नजर त्यावर सहसा ठरत नाही. विश्वजित् नावाच्या यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दक्षिणा म्हणून देऊन टाकावे असा विधी आहे. तेव्हा या यजमानाने आपले आईबापही देऊन टाकावेत काय, असे जैमिनी विचारतात आणि ते देता येत नाहीत असा निर्णय देतात. कारण आईबाप आपले असले तरी आपल्या मालकीचे नसतात. लगोलग दुसरा प्रश्न येतो तो भूमीचा. यजमान सार्वभौम राजा असेल, तर त्याने आपल्या अमलाखालची पृथ्वी ऋत्विजांना दक्षिणेत द्यावी काय? तीही देता येत नाही, कारण भूमीशी जसा राजाचा संबंध तसाच इतर सर्वांचा. यावरील भाष्यात शबरस्वामी सांगतात की, शेतांचे मालक जगात दिसतात, परंतु अवघ्या पृथ्वीचा मालक म्हणून कोणी दिसत नाही; राजाचे आधिपत्य म्हणाल तर ते पिकाच्या रक्षणापुरते आणि त्या रक्षणाबद्दल ठरावीक वाटा घेण्यापुरते. पुढे माधवाचार्यांनी जैमिनीय न्यायमालेच्या विस्तारात हाच विचार आणखी रुंद केला: दुष्टांचे शासन आणि शिष्टांचे पालन यासाठी राज्य असते, भूमी हे राजाचे धन नव्हे, तर तिच्यावर आपापल्या कर्माचे फळ भोगणाऱ्या सर्व प्राण्यांचे ते साधारण धन आहे. सर्व माणसांचे म्हणूनही ते थांबले नाहीत, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या विचाराला आपल्या मुलखात पारखे म्हणता येणार नाही. पैठणहून काशीस जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठांनी सतराव्या शतकात व्यवहारमयूखात स्पष्ट लिहिले की, मुलूख जिंकला तरी गावांचे आणि शेतांचे स्वामित्व त्या त्या भौमिकांकडेच राहते, राजाला मिळतो तो कर घेण्याचा अधिकार. आणि विसाव्या शतकात या शास्त्रांचे मंथन जेथे झाले ते गाव तर कृष्णेच्या काठावरचे, सातारा जिल्ह्यातील वाई. केवलानंद सरस्वतींचा सात खंडांचा मीमांसाकोश आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी संपादिलेले धर्मकोशाचे व्यवहारकांड ही दोन्ही कामे येथील प्राज्ञपाठशाळेत झाली. महात्माजींच्या आश्रमातून रजा घेऊन 1917 साली विनोबा येथेच शास्त्राध्ययनासाठी आले होते. पुढे त्यांनी मांडलेल्या ग्रामदानाच्या कल्पनेची पाळेमुळे वाईच्या पाठात शोधण्याचा आग्रह मी धरणार नाही, पण दोहोंचे गोत्र एक आहे हे दिसल्यावाचून राहत नाही. मौज अशी की, गावाने आपली जमीन गावालाच दिली तरी ती दिली गेली असे मानण्यासाठी 1964 चा ग्रामदान कायदा आणि त्याखाली शासनाची अधिसूचना लागते.

आता राजाच्या जागी राज्य आले, सनदेच्या जागी अधिनियम आला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 साली झाला, आणि जमिनीचा वापर कोणी ठरवावा या प्रश्नाचे आपल्याकडील उत्तर मुख्यतः त्याच्या कलमांत आहे. विकास योजनेचा आराखडा नगरपालिकेने करावा, तो लोकांपुढे मांडावा, हरकती ऐकाव्यात. परंतु अखेरची मंजुरी शासनाची, आणि मंजूर करताना फेरबदल करण्याचा अधिकारही शासनाचाच. मंजूर योजनेत पुढे बदल करावयाचा तर कलम 37 आहे. शासन वेळोवेळी देईल ते निदेश नियोजन प्राधिकरणावर बंधनकारक असतील, हे कलम 154 सांगते. आणि एखाद्या क्षेत्राचे नियोजनच स्थानिक संस्थेकडून काढून घेऊन तिसऱ्याकडे सोपवावयाचे असेल तर कलम 40 अन्वये विशेष नियोजन प्राधिकरण नेमता येते. 2020 च्या डिसेंबरात एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली अमलात आली तेव्हा बृहन्मुंबई, गिरिस्थान नगरपरिषदा, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे असे मोजके अपवाद वगळता साऱ्या महाराष्ट्राला एकच मोजपट्टी लागू झाली. सांगलीची काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन असो वा साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचा उतार असो, चटई क्षेत्राचा निर्देशांक आणि इमारतीभोवती सोडावयाचे अंतर यांचा हिशेब एकाच पुस्तकातून होऊ लागला. एका गावात मिळते ती परवानगी शेजारच्या गावात का मिळत नाही, या रास्त तक्रारीवर तो उपाय होता हे कबूल केले पाहिजे. तरीही मातीमातीत फरक असतो, हे शेतकऱ्याचे पोरही जाणते.

सातारा जिल्ह्यात या कायद्याचे सर्वांत मोठे पाऊल पडले ते नवीन महाबळेश्वरच्या रूपाने. सातारा, जावळी आणि पाटण या तालुक्यांतील 235 गावांसाठी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. रस्ते बांधण्यासाठी जन्मास आलेल्या महामंडळाने गिरिस्थान कसे असावे हे ठरवावे यात एक विनोद आहे, तो ज्याने त्याने पाहावा. गंभीर गोष्ट वेगळीच आहे. घटनेच्या 74 व्या दुरुस्तीने बारावे परिशिष्ट जोडले, त्यात नगररचना आणि जमिनीच्या वापराचे नियमन हे पहिले दोन विषय नगरपालिकांसाठी नमूद झाले. मात्र हे अधिकार राज्य विधिमंडळाने द्यावेत असे म्हटलेले नसून देता येतील असे म्हटले आहे. आणि ग्रामपंचायतींसाठीच्या अकराव्या परिशिष्टात जमिनीची सुधारणा, जमीन सुधारणा कायद्यांची अंमलबजावणी, एकत्रीकरण, मृदसंधारण इतके सारे असूनही जमिनीच्या वापराचे नियमन मात्र नाही. म्हणजे शहराला जे देता येईल असे तरी म्हटले, ते गावाच्या बाबतीत म्हटलेलेच नाही. ज्या प्रदेशात पांढरी कोठे असावी, काळी कोठे, गायरान कोणते, देवराई कोणती, हे शतकानुशतके गावाने ठरविले, त्या प्रदेशातली ही स्थिती आहे.

गावाला काही म्हणावयाचा हक्क आहे काय, आणि असला तर तो कोणत्या जातीचा हक्क आहे, हा प्रश्न शास्त्रकारांनाही पडला होता. जमीन दुसऱ्याकडे जाते ती सहा गोष्टींनी, असे एक स्मृतिवचन मिताक्षरेत घेतलेले आहे: गावाची, भाऊबंदांची, शेजाऱ्यांची आणि वाटेकऱ्यांची संमती, शिवाय सुवर्ण आणि उदक. यावर विज्ञानेश्वर, जे इसवी सन 1100 च्या सुमारास कल्याणीच्या चालुक्य दरबारी होते, मोठ्या शांतपणे सांगतात की, गावाची संमती पाहिजे ती केवळ व्यवहार उघड व्हावा म्हणून. ती नसली तर व्यवहार सिद्धच होत नाही असे नव्हे. शेजाऱ्याची संमती कशासाठी, तर हद्दीचा तंटा मिटावा म्हणून. एका भाष्यकाराने दोन ओळींत गावाचा नकाराधिकार काढून घेऊन त्याच्या हाती साक्षीदारी ठेवली. विज्ञानेश्वरांना दोष देण्यात अर्थ नाही. एखाद्या कुणब्याने आपली शेती कोणाला द्यावी यात साऱ्या गावाने आडवे पडू नये, ही त्यांची चिंता असली तर ती रास्तच होती. पण गोष्ट अशी आहे की, त्यांनी व्यक्तीला गावापासून सोडविण्यासाठी जी युक्ती योजली, तीच आज राज्याला गावापासून सोडविण्यासाठी वापरली जात आहे. आराखडा प्रसिद्ध होतो, राजपत्रात सूचना निघते, ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागविल्या जातात, सुनावणीची तारीख पडते, सातबाराचे उतारे छातीशी धरून माणसे रांगेत उभी राहतात, आणि नंतर जे व्हावयाचे ते होते. यात गावाला विचारले गेले हे खोटे नाही. परंतु विचारले गेले ते प्रकाशनासाठी, अनुमतीसाठी नव्हे.

मराठेशाहीत निवाडा याहून निराळ्या रीतीने होई. वतनाचा किंवा शिवाराचा तंटा असला की गोतसभा बसे, देशमुख, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार जमत, आणि जो महजर होई त्याखाली ज्याला लिहिता येत नसे त्याच्या धंद्याची निशाणी उमटे. पाटलाचा नांगर त्यांतलाच. कोण हजर होते आणि कोणी काय म्हटले, हे त्या कागदावरूनच कळे. हे सारे वाचताना मन सहज भुलते, आणि गाव म्हणजे धर्मराज्य आणि सरकार म्हणजे परचक्र असा एक सोपा विचार डोक्यात घर करू पाहतो. त्याला आवर घालण्यासाठी फार लांब जावे लागत नाही, साताऱ्यातच थांबले तरी पुरे.

7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव नावाच्या मुलाचे नाव दाखल झाले. वडील कोरेगावास नोकरीला होते; त्यांना भेटावयास मसूर स्थानकावर उतरलेल्या या मुलाची व त्याच्या सोबतच्या मुलांची जात कळताच गाडीवान मिळेना, आणि वाटेत पाणी मिळेना, हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी खेड्याच्या संकुचितपणावर जो कोरडा ओढला, त्याचे मूळ पुस्तकात नव्हते. आपल्या गावांनी केलेला जमिनीच्या वापराचा सर्वांत जुना, सर्वांत काटेकोर आणि आजवर सर्वांत कमी मोडला गेलेला नियम कोणता, असे कोणी विचारले, तर उत्तर एकच येते: महारवाडा वेशीबाहेर, आणि तोही बहुधा वारा गावाकडून तिकडे वाहील अशा बाजूला. हा नियम गोतसभेनेच सांभाळला. तो मोडण्यासाठी, महार वतनाच्या गुलामगिरीतून जमीन मोकळी करण्यासाठी, 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणावे लागले आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने प्रत्यक्षात रद्द व्हावयास 1958 चा राज्याचा कायदा लागला. गावाच्या हाती सारे सोपविले असते तर ते झाले असते असे प्रामाणिकपणे कोणाला म्हणता येईल, असे मला वाटत नाही.

तेव्हा मीमांसकांचे उत्तर नीट वाचले पाहिजे. भूमी राजाची नाही, हे त्याचे अर्धे झाले, आणि सरकारवर रागावलेल्या आपणा सर्वांना तेवढेच आवडते. ती सर्वांची साधारण आहे, हे दुसरे अर्धे अधिक अवघड आहे, कारण 'सर्व' यात गावाबाहेर ठेवलेला येतो, नदीच्या खालच्या अंगाला राहणारा येतो, अजून जन्माला न आलेला येतो, आणि माधवाचार्यांच्या मते पशुपक्षीही येतात. गावाने म्हणावे की शिवार आमचे, तर गावही त्या अर्थाने एक लहान राजाच होते, आणि विश्वजितात त्यालाही पृथ्वी देता येत नाही. म्हणून राज्याने गावाचा निर्णय उलटविणे स्वतःच अधर्म्य ठरत नाही. ते धर्म्य केव्हा, तर राज्य त्या उरलेल्या सर्वांच्या वतीने बोलत असेल तेव्हा. आणि अधर्म्य केव्हा, तर सर्वांचे नाव घेऊन ते मोजक्यांची वकिली करीत असेल तेव्हा. याज्ञवल्क्यांनी संविद्-व्यतिक्रमाच्या प्रकरणात समूहाने केलेला नियम आणि राजाने केलेला नियम हे दोन्ही जपण्यास सांगितले, आणि समूहाच्या नियमाला अट घातली ती इतकीच की तो निजधर्माच्या विरुद्ध नसावा. हीच अट राजाच्या नियमाला कोण घालणार, हे मात्र त्यांनी राजाच्या विवेकावर सोडले, आणि तेथेच आजची अडचण सुरू होते.

ही कसोटी सांगलीत लावून पाहावी. कृष्णेच्या पुराच्या दोन रेषा पाटबंधारे खाते आखते. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई, दोन रेषांच्या मध्ये निर्बंध. हा राज्याने स्थानिक मर्जीला घातलेला लगाम आहे, आणि कसोटीवर तो शंभर नंबरी उतरतो. कारण प्रभागाच्या नगरसेवकाला मते मिळतात ती रेषेच्या आतील घरमालकांची, आणि त्या घरांच्या भरावाने जे पाणी दुसरीकडे फेकले जाते ते दुसऱ्याच प्रभागात शिरते. परंतु याच शहरात गुंठेवारी नावाचा प्रकार रुजला. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याने जमिनीचे लहान तुकडे पाडण्यास बंदी. म्हणून शेतमालक एकराचे गुंठे पाडून, मध्ये जेमतेम बैलगाडी जाईल असा रस्ता ठेवून, 33 फूट लांब आणि तितकाच रुंद असा एकेक गुंठा साठेखतावर विकी, आणि हळदीच्या पेठेतला हमाल, साखर कारखान्यातला कामगार, शाळेचा शिपाई तो घेई, कारण नियमातला भूखंड त्याच्या आवाक्यात कधी येणारच नव्हता. सातबारावर नाव चढत नसे, घर मात्र चढे. शेवटी 2001 साली राज्याने गुंठेवारी नियमित करणारा कायदा केला, आणि 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची गुंठेवारी त्यात घेतली. एका कायद्याने मना केलेले दुसऱ्याने शुल्क घेऊन माफ केले.

हे प्रशमन शुल्क म्हणजे धर्मशास्त्राच्या भाषेत प्रायश्चित्त होय, आणि याज्ञवल्क्यांच्या प्रायश्चित्ताध्यायावर विज्ञानेश्वरांनी जी चर्चा केली आहे ती येथे तंतोतंत लागू पडते. जाणूनबुजून केलेल्या पातकाचे प्रायश्चित्त घेतल्याने पाप नष्ट होते काय? ते म्हणतात, पाप राहते. वचनाच्या बळावर माणूस फक्त व्यवहार्य होतो, लोक त्याच्या पंक्तीस बसू शकतात. नियमित झालेले घर असेच व्यवहार्य होते. त्यावर कर्ज मिळते, नळ मिळतो, ते विकता येते. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेले, जेथे धोक्याची पातळी 45 फुटांची आहे. पूर ओसरल्यावर शामरावनगरासारख्या सखल वस्तीतून हिंडताना मी ज्या घरासमोर थांबलो, त्याच्या भिंतीवर दरवाजाच्या चौकटीहून वर गाळाची एक सरळ रेघ उमटली होती, विजेचा मीटर त्या रेघेच्याही वर नव्याने बसविला होता, आणि दाराशी गुंठेवारीचे प्रमाणपत्र वाळत घातले होते, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवून. घरमालकिणीने ते दाखविले ते अभिमानाने. तिला त्यात हसण्यासारखे काही वाटत नव्हते, आणि खरे पाहता नव्हतेही; ते प्रमाणपत्र मिळेपर्यंत तिच्या लेखी ती स्वतःच्या घरात उपरीच होती.

कृष्णा उगम पावते ती क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांच्यासह. म्हणजे सांगलीच्या भिंतीवरील रेघ किती उंच असावी याचा काही अंश तरी डोंगरमाथ्यावर ठरतो. तेथे रान किती राहिले, कातळ किती फोडला, उताराला रस्ते किती काढले, यावर. हाच युक्तिवाद घेऊन राज्याने जावळी-पाटणच्या गावांना सांगितले असते की, खालच्या लोकांसाठी तुम्ही डोंगर मोकळा ठेवा, तर कलम 40 चा वापर मीमांसकांनाही मान्य व्हावा. घडले ते उलट. गावांकडून नियोजन घेतले, पण ते डोंगर राखण्यासाठी नव्हे, गिरिस्थान वसविण्यासाठी. या डोंगरांना हा अनुभव नवा नाही. 1829 साली सर जॉन माल्कम आणि छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्यात महाबळेश्वरच्या जागेचा व्यवहार झाला, वाईकडील खंडाळा महाराजांना मिळाले, माल्कम पेठ वसली, आणि दोन सत्ताधीशांच्या त्या अदलाबदलीत डोंगरावरच्या धनगर-कोळ्यांना कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. त्यानंतर कोयना धरण आले; जावळी आणि पाटणची गावे शिवसागरात गेली, माणसे सोलापुरापासून ठाण्यापर्यंत विखुरली, आणि साऱ्या महाराष्ट्राला वीज मिळाली. तेव्हा निदान वीज सर्वांना मिळाली, असे म्हणावयास जागा होती. आता त्या जलाशयाच्या काठावर जी वाडी उरली, तिचा उरलेला डोंगर पाण्याकडे तोंड असलेला भूखंड म्हणून मोलाचा झाला आहे. यज्ञाचे फळ यज्ञ करणाऱ्याला मिळते असा मीमांसेचा सिद्धांत आहे, आणि दक्षिणाही त्यानेच स्वतःच्या धनातून द्यावयाची असते. दक्षिणा जावळीकराची आणि फळ पुण्या-मुंबईच्या बंगलेवाल्याचे, असा यज्ञ बारा अध्यायांत कोठे आढळत नाही. रोजगार येईल, पोरे घरी परततील, असे सांगितले जाते, आणि त्यात तथ्य असू शकेल. पण मग ते पोरांनाच विचारावे.

साताऱ्याच्या पूर्वेस, खटाव तालुक्यात, औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 च्या जानेवारीत आपल्या 72 गावांच्या संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती दिला तेव्हा महात्माजींचा सल्ला त्यांच्या पाठीशी होता. संस्थान लहान म्हणून ते शक्य झाले असे म्हणणारे म्हणोत. राजाने स्वतःहून सत्ता खाली सोडल्याचे उदाहरण या जिल्ह्यात घडलेले आहे, एवढे पुरे.

राज्याने अधिकार आपल्याकडे ठेवावा की गावाला द्यावा, यापेक्षा जावळीच्या बाबतीत एक लहान, किरकोळ वाटणारी तजवीज मला अधिक तातडीची वाटते. त्या खोऱ्यांतली धडधाकट माणसे गावात नाहीत. पाटण-जावळीचा तरुण दोन-तीन पिढ्यांपासून मुंबईत माथाडी कामगार आहे. वाशीच्या बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्यांत विचारा, दर थोड्या अंतरावर तिकडचे गाव निघेल. चावडीवर चिकटविलेली आराखड्याची सूचना वाचतात ते म्हातारे, ज्यांना नकाशावरील हिरवा आणि पिवळा रंग यांतला फरक कोणी समजावून दिलेला नसतो, आणि फेरफाराचे कागद ज्यांच्या नावे आहेत ते सुनावणीच्या दिवशी एका दिवसाची हजेरी बुडवून येऊ शकत नाहीत. गोतसभेने माणसे जमविली, मगच महजर लिहिला. तेव्हा हरकतींची सुनावणी एकदा साताऱ्यात झाली तर एकदा वाशीत, बाजाराला सुट्टी असेल त्या दिवशी, व्हावी. आराखडा तेथे भिंतीवर टांगावा. प्रत्येक हरकतीपुढे ती मान्य झाली की फेटाळली आणि कशामुळे, हे साध्या मराठीत लिहून ते हरकतदाराच्या हाती द्यावे. यासाठी 1966 च्या अधिनियमाचे एकही कलम बदलावे लागत नाही.